वाऱ्यावर उभा राहिलेला तंबू

ही गोष्ट रंगवून सांगण्यात माझा काडीचा फायदा नाही. उलट सांगितल्यापासून घरातली निम्मी माणसं माझ्याशी बोलत नाहीत.

तरी सांगते. कारण मी तिथे होते.

भुतं रात्री येतात म्हणे. आमच्याकडे भर दुपारी आलं. मैदानावर... सगळ्यांच्या देखत.

आमचं फिरतं रुग्णालय. पूर आला, भूकंप झाला, की ट्रकवरून जायचं आणि हवेचे तंबू उभे करायचे. जनरेटरवरचा पंखा सतत हवा भरतो म्हणून तंबू उभा. पंखा थांबला की तंबू बसला. चादरी-उशा माझ्याकडे. प्रमुख माझे भावोजी, ताईचे यजमान. माणूस गोड. इतका गोड, की हात धुवावेसे वाटायचे.

गेल्या पावसाळ्यातल्या पुरात ताईच सापडली. भिंत पडून पाय चेंगरला, ताप चढला. डॉक्टरांनी मनगटाला लाल पट्टी बांधली. लाल म्हणजे आधी हलवायचं.

पाणी पुन्हा वाढलं. रुग्णालय उंचावर न्यायचं ठरलं.

भावोजींनी ताईची लाल पट्टी सोडली आणि पिवळी बांधली. पिवळी म्हणजे थांबू शकते.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"मेव्हणीबाई, घरच्या माणसाला आधी नेलं तर लोक तोंडात शेण घालतील. शेवटच्या गाडीत मी स्वतः आणतो तिला."

ताई हसली. "जा गं तू. हे आहेत ना."

मी गेले.

संध्याकाळी भावोजी आले. एकटेच.

"पाणी एकदम आलं गं... शेवटपर्यंत हात धरून होतो. ओढून नेलं तिला."

लोक रडले. त्यांचा सत्कार झाला. हारांच्या गर्दीत दिसेनासे झाले होते बिचारे.

पाणी ओसरल्यावर ताई ज्यात होती तो तंबू चिखलात सापडला. धुतला, वाळवला आणि नव्या मैदानावर पसरला. जनरेटर अजून ट्रकवरच होता.

आणि आवाज आला.

फुस्स...

थांबून... फुस्स...

कापड उचललं जात होतं. हळूहळू. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

"कुणी चालू केला रे पंखा?" मी ओरडले.

जनरेटरवाला पांढराफटक पडला. "बाई, वायर तर माझ्या खांद्यावर आहे."

तंबू पूर्ण उभा राहिला. वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं.

भावोजी हसत आले. "उन्हानं हवा फुगते, एवढंही कळत नाही? चला, दाखवतो." आणि आत शिरले.

मी दारापर्यंत गेले. आत भावोजी सोडून काहीच नव्हतं. ना खाट, ना माणूस.

तरी खाट करकरली...

"आलात?"

ताईचा आवाज. रागाचा नव्हे हो. वाट बघून थकलेल्या माणसाचा.

भावोजींचं हसू तिथेच गोठलं. "मी... मी इथेच होतो गं."

छत खाली आलं. थोडंसं.

"हात धरला होता तुझा."

अजून खाली.

"शेवटपर्यंत!"

कापड त्यांच्या डोक्याला टेकलं. ते गुडघ्यांवर बसले. भिंती जवळ सरकल्या. मी आत वाकून त्यांचा सदरा धरून ओढत होते, पण ते जागचे हलेनात.

"पंखा कुणी बंद केला हो?" तिने विचारलं. अगदी साधेपणानं. "अंधार झाला एकदम. कापड तोंडावर आलं."

"जनरेटर वर न्यायचा होता!" भावोजी किंचाळले. "पाणी यायच्या आधीच निघालो मी! वाटलं, दुसऱ्या फेरीत नेऊ..."

फुस्स...

तंबू ताठ उभा राहिला.

बाहेर सगळ्यांनी ऐकलं होतं. हार घालणारेही होते त्यात. एकेकाची मान खाली गेली. भावोजी त्याच दिवशी निघून गेले. कुठे, ते मी विचारलं नाही.

मी मात्र त्या तंबूत गेले. "ताई," म्हटलं, "मी सोडून गेले म्हणून रागावलीस का गं?"

उत्तर नाही. श्वासही नाही.

तंबू अजून वापरात आहे. नवा कोण देतो? आता पंखा लावल्यावरच उभा राहतो, शहाण्यासारखा.

परवा एका म्हातारीने माझा पदर धरला. कामाची घाई होती. तोंडातून निघून गेलं, "आत्ता येते हं परत."

पंखा चालू होता. मी स्वतः पाहिला.

छत... खाली आलं. थोडंसंच.

मी जाणार होते हो तिच्याकडे. खरंच.

बहुतेक.