युन चीला कोणी नेलं?

तुमचा विश्वास बसावा म्हणून मी कुणापुढे शपथा घेणार नाही. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. गेल्या वर्षी, आम्हा चिनी लोकांच्या भुतांच्या महिन्यात, म्हणजे मेलेले परत फिरायला येतात तेव्हा. भर दुपारी.

आम्ही पेनांगचे. मी, नवरा कोक हिन, सासूबाई आणि आमची सहा वर्षांची युन ची. डोंगरमाथ्यावरच्या कॅसिनो रिसॉर्टला निघालो होतो.

"याच महिन्यात डोंगर चढायची हौस आली तुला?" सासूबाई केबल कारमध्ये लेकावर करवादल्या.

"अगं आई, भुतंसुद्धा पत्ते कुटायलाच येतात तिथे!" तो हसला.

वर पोहोचताच तो कॅसिनोत शिरला. लहान मुलांना आत घेत नाहीत. म्हणून आम्ही तिघी इमारतीच्या आतल्याच फिरत्या पाळण्यांकडे गेलो. काचेबाहेर इतकं धुकं, की समोरचं हॉटेलही दिसेना.

युन ची पाळण्यातून उतरली. मी तिचा हात धरला.

तेवढ्यात भोंग्यावरची गाणी बंद पडली आणि घोषणा झाली...

"पेनांगची ओई युन ची चौकशी काउंटरवर आहे. तिच्या आईने लवकर यावं. मुलगी फार रडतेय."

मला हसू आलं. "बघ गं, तुझ्याच नावाची कुणीतरी हरवलीय!"

युन ची हसली नाही.

सासूबाईंनी माझं मनगट आवळलं. "जाऊ नकोस. या महिन्यात हाकेला ओ द्यायची नसते."

"अहो, कुणाचं तरी लेकरू रडतंय."

मी गेले. युन चीला घेऊनच.

काउंटरवरच्या मुलीने मान वर केली... आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम... तुम्ही आत्ताच तिला घेऊन गेलात ना?"

रखवालदाराने कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं.

माझाच पिवळा स्वेटर. माझीच चाल.

ती बाई युन चीला कडेवर घेऊन लिफ्टकडे निघाली होती. पोर तिच्या खांद्यावरून दोन्ही हात पसरून ओरडत होती. आवाज नव्हता. पण ओठ कळत होते...

आई. आई.

"थांबवा तिला! माझी मुलगी आहे ती!" मी किंचाळले.

रखवालदार गोंधळला. "मॅडम, तुमची मुलगी तुमच्या शेजारी उभी आहे. मग हरवलं कोण म्हणून सांगू?"

मी नवऱ्याला फोन लावला.

कोक हिन धावत आला. त्यानेही ते पाहिलं. लिफ्ट उघडायला लावली.

रिकामी...

"तुझ्यासारखी दिसणारी असेल कुणीतरी. चल घरी," तो म्हणाला. पण युन चीचा हात त्याने धरला नाही.

युन ची आता शाळेत जाते. पूर्वीपेक्षा गुणी झालीय. तिला ताप आला की माझाही जीव तुटतो. सासूबाईंनी मात्र त्या दिवसापासून तिला मांडीवर घेतलेलं नाही.

परवा सकाळी मी तिची वेणी घालत होते. आरशात माझ्याकडे बघत तिने हळूच विचारलं,

"आई... ती अजून रडत असेल का?"

"कोण गं?"

तिने रिबीन पुढे केली.

मी वेणी घालत राहिले.