काढा न पिणारा गट

सोमपुरात बारा वर्षांत कुणी शिंकलं नव्हतं. चंद्रावरच्या त्या बंदिस्त शहरात नऊ हजार माणसं तीच ती हवा श्वासात घेत, त्यामुळे पूर्वी एकाची सर्दी आठवड्यात सगळ्यांची व्हायची. त्यावर शास्त्रज्ञांनी ‘राखण्या’ काढला: नाकात फवारायचा एक माणसाळवलेला विषाणू. एक विषाणू शिरला की पेशी सावध होते, दुसऱ्याला आत घेत नाही. राखण्या नाकात ठाण मांडून बसायचा आणि सर्दी बाहेरच राहायची.

मग जोडीला आल्यातुळशीच्या काढ्याचा काही उपयोग होतो का, हे पाहायची हुक्की आली. एका गटाला काढा दिला, दुसऱ्याला नाही. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत तिळमात्र फरक नव्हता. नगरसमितीने काढा निरुपयोगी ठरवून आल्यातुळशीचे वाफे बटाट्याला देऊन टाकले. वर्षाच्या आत राखण्या माजला, नाकातून मेंदूकडे चढू लागला. एकशे चाळीस माणसं गेली.

"खोटं लिहिलंत तुम्ही!" चाचणी घेणाऱ्या डॉ. वसुधा लोणकर दिनकर भोइट्यांच्या दारातच कडाडल्या. भोइटे पाण्याच्या टाक्यांवर फिटर. चाचणीत काढा न पिणाऱ्या गटात होते. "‘दुसरं काही औषध घेतलं का?’ पुढे रोज ‘नाही’!"

"औषध नव्हतंच घेतलं. काढा घेतला."

"नव्वद दिवस?"

"रोज सकाळी, चहाआधी. आमच्या लायनीत सगळेच घ्यायचे. काढा कधीपासून औषध झाला हो, बाई? तुम्ही घरी घेत नव्हता?"

लोणकरबाईही घेत होत्या. राखण्याला इतकी वर्षं त्या काढ्यानेच आवरून धरलं होतं, आणि तुलनेला काढा न पिणारा एकही माणूस शहरात नव्हता. प्रश्न मात्र त्यांनीच लिहिला होता.

"मग द्या की आता सगळ्यांना."

"आलं उरलंय शंभर जणांपुरतं. पुराव्याशिवाय समिती वाफे परत देणार नाही. पुन्हा चाचणी आहे, चिठ्ठ्या टाकल्यात. तुम्ही काढ्याच्या गटात. तुमची लेक केतकी दुसऱ्यात."

भोइट्यांनी आत पाहिलं. सात वर्षांची केतकी जमिनीवर चित्र काढत बसली होती.

"माझा काढा मी तिला पाजीन. बघतो कोण अडवतं!"

"या वेळी विचारणार नाही, रोज रक्त तपासणार. तिच्या रक्तात काढा सापडला तर चाचणी रद्द. मग सगळं शहर जाईल."

"आणि नाही सापडला तर?"

बाईंनी नजर वळवली नाही. "तर त्या गटातली माणसं आजारी पडायला हवीत, भोइटे. त्याशिवाय फरक दिसणार कसा?"

भोइट्यांनी त्यांना तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. मग केतकीला हाक मारली, मांडीवर घेतलं आणि बाईंनी पहिल्या दिवसाचं रक्त घ्यायला सुई टोचेपर्यंत तिचा दंड घट्ट धरून ठेवला.