कंदीलपुष्पाचं स्पिरिट

भोरकड्याच्या पठारावर आम्ही निघालो होतो ते एका फुलासाठी.

देवराम सरांनी ते कंदीलपुष्प तिथं पाहिलं त्याला खूप वर्षं झाली. नंतर कुणालाच ते दिसलं नाही. सरांनी नमुना आणलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या सांगण्याची नोंदही झाली नाही. अशा नोंदीला खरं फूल लागतं, आणि कंदीलपुष्प कागदात दाबलं तर त्याची नळी चपटी होऊन सगळा आकार जातो. म्हणून ते स्पिरिटच्या बाटलीत बुडवून ठेवतात. सर आता देवळाली कॅम्पला लेकीकडे अंथरुणावर असतात. गणपतीत मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "मंजुषा, मी आहे तोवर कुणीतरी ते फूल आणा. नाहीच मिळालं आणि मी खोटा ठरलो तरी चालेल."

मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. सोबत रंगनाथ आणि प्रतिभा होते, दोघंही सरांचेच विद्यार्थी. रंगनाथची मखमलाबादला शेवंती आणि झेंडूची शेती आहे. प्रतिभा त्याची बायको. घरी चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणते, पण डोंगरावर पाय ठेवला की तो पुन्हा तिचा वर्गमित्र 'रंगा' होतो.

इगतपुरीहून जीपनं शेवटच्या पाड्यापर्यंत गेलो आणि भातखाचरांच्या बांधावरून चालू लागलो. कॉलेजात असताना दर पावसाळ्याच्या शेवटी आम्ही याच वाटेनं यायचो. डोंगरावर लाकूड जाळायचं नाही हा सरांचा दंडक होता. त्यांनी कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याची एक शेगडी केली होती. घोटभर स्पिरिट ओतायचं, काडी लावायची आणि आवाज न करता निळी ज्योत यायची. ते वाकून बसायचे, आम्ही भोवती उकिडवे. अजूनही स्पिरिटचा वास आला की मला प्रयोगशाळा आठवत नाही. आलं घातलेला चहा आठवतो, आणि ओले मोजे.

माझी शेगडी कोल्ड्रिंकच्या दोन कॅनची बुडं एकात एक बसवून केलेली आहे. कडेनं सुईनं पाडलेली भोकं, आणि वजन एखाद्या पेढ्याएवढं. रंगनाथ तिला भातुकली म्हणतो. अर्ध्या चढावर, कातळाच्या टप्प्यावर मी ती मांडली तेव्हा तो प्रतिभाला म्हणाला, "बघ, मंजीनं संसार थाटला. आता बाहुलीचं लग्न कधी ते विचार."

चहा झाला. त्याला आणखी हवा होता. त्याचं तसंच असतं. मी कप विसळायला वळले. ऊन निघालं होतं. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, हे आम्हा तिघांनाही सरांनी शिकवलं होतं. पण झेंडूच्या वाफ्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या ते कसं लक्षात राहावं? शेगडी विझली असं समजून त्यानं बाटली उचलली आणि ओतायला लागला.

मी मागे पाहिलं. भांड्याच्या बुडाशी हवा थरथरत होती. शेगडी पेटलेली होती!

मी त्याच्या हातावर फटका मारला. बाटली उडाली. भप्पकन जाळ झाला, कातळावरून पसरला आणि क्षणात विझला. रंगनाथच्या मनगटावरचे केस तेवढे जळले. बाटलीतलं उरलेलं स्पिरिट मात्र कातळाच्या भेगेत गेलं होतं. तो मनगट चोळत म्हणाला की बरं झालं, न्हाव्याचं काम वाचलं. चहा काय, खाली गॅसवर पिऊ.

पठारावर पोचलो तेव्हा ऊन गेलं होतं आणि ढग जमिनीला टेकले होते. गुडघाभर गवतात आम्ही हाताच्या अंतरानं ओळ धरून चालत होतो. पाय टाकण्याआधी गवत बाजूला सारायचं, बघायचं, मग पुढे. पाठी भरून आल्या. बरंच चालून झाल्यावर प्रतिभा एकदम थांबली आणि तिनं नुसता हात वर केला.

गवताच्या काडीसारखाच एक वेल होता. त्याला एक फूल. फिकट हिरवी नळी, गळ्याशी जांभळे ठिपके, आणि टोकाला जुळलेल्या पाच पाकळ्यांचा इवलासा कंदील. सरांनी फळ्यावर काढलेला, अगदी तसाच! आम्ही तिघं गुडघ्यांवर बसलो. मी भिंग लावून नळीच्या आत पाहिलं. मग मी कात्रीनं देठ कापला आणि फूल नमुन्याच्या बाटलीत सोडलं. हे स्पिरिट वेगळं, पाणी मिसळून सौम्य केलेलं. त्यात ते फूल उभंच्या उभं तरंगलं.

परतीच्या वाटेत पावसानं गाठलं. आडवा पाऊस, आणि त्यामागून सुटलेला वारा. सकाळी घोट्याएवढा असलेला ओहोळ आता लाल होऊन धावत होता. दोरी धरून प्रतिभा पार झाली. मी पार झाले. रंगनाथचा पाय शेवाळावर पडला.

तो गेला!

खालच्या खडकाला अडकला म्हणून वाचला. दोरी ओढून ओढून आम्ही त्याला काठावर घेतलं. मोडलं काही नव्हतं. पण तो छातीपर्यंत भिजला होता, आणि वारा थांबत नव्हता. कड्याखालच्या कपारीपर्यंत पोचताना तो दोनदा खाली बसला. ओले कपडे काढून प्रतिभाची शाल आणि प्लॅस्टिकचा कागद त्याला गुंडाळला. तो कुडकुडत होता. मग कुडकुडणं कमी झालं. मला भीती वाटली ती तेव्हा. अंग गरम झाल्याशिवाय कापरं थांबलं तर ते चांगलं लक्षण नसतं.

प्रतिभा त्याचे हात चोळत त्याला डिवचत होती. डाएटचा आळस केलास, ओढताना आमचा जीव गेला म्हणाली, सासूबाईंना काय सांगू म्हणाली. तो उत्तर देत नव्हता. इतक्या वर्षांत रंगनाथनं टोमणा परत केला नाही असं मी पाहिलं नव्हतं.

"मंजे, याला गरम काहीतरी दे," ती म्हणाली. आवाज बदलला होता.

लाकूड ओलं. शेगडीचं स्पिरिट भेगेत गेलेलं. माझ्या सॅकमध्ये जळेल अशी एकच गोष्ट होती.

मी बाटलीचं झाकण उघडलं. फूल तळहातावर घेतलं आणि स्पिरिट शेगडीत ओतलं. प्रतिभानं पाहिलं. तिनं भांडं पुढे सरकवलं.

काडी लावली. विझली. दुसरी लावली, तीही विझली. पाणी मिसळलेलं स्पिरिट थंडीत सहज पेट घेत नाही. मी शेगडी ओंजळीत धरली, पोटाशी घेतली, वर रेनकोट ओढला.

"वात वळ," मी प्रतिभाला म्हणाले.

तिनं प्रथमोपचाराच्या डबीतला कापूस घेतला आणि देवापुढच्या निरांजनासाठी वळते तशी तळहातावर वात वळली. ती स्पिरिटमध्ये भिजवून कडेला उभी केली. तिसरी काडी. वातीचं टोक पिवळं झालं. ज्योत खाली उतरली, अडखळली, आणि भोकाभोकांतून निळी होऊन वर आली!

पाणी, गूळ, आलं. आम्ही दोघींनी वाऱ्याकडे पाठ करून शेगडीला भिंत केली. भांडं तापलं तशी ज्योत लहान होत गेली, आणि पाण्याला वाफ धरली तेव्हा शेगडीत नुसतं पाणी उरलं होतं. प्रतिभानं त्याला घोट घोट पाजलं. दुसरा कप संपता संपता त्याला पुन्हा कापरं भरलं. अंग पुन्हा तापू लागलं होतं. मला हायसं वाटलं.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि कप पुढे केला.

"भातुकलीतली बाई," तो म्हणाला, "गूळ कमी पडला."

प्रतिभा तोंडावर पदर घेऊन रडली.

पाऊस ओसरल्यावर आम्ही उतरलो. फूल मी ओल्या रुमालात ठेवलं होतं. खाचरांपर्यंत येईस्तोवर त्याचे जांभळे ठिपके निघून गेले होते आणि कंदील मिटून दोऱ्यासारखा झाला होता. कुणाला दाखवावं असं त्यात काही राहिलं नव्हतं. मी ते बांधावर ठेवलं.

देवळालीला मी एकटीच गेले. घडलं ते सगळं सांगितलं. सर डोळे मिटून ऐकत होते. झोप लागली की काय असं मला वाटलं.

"गळ्याशी ठिपके होते?" त्यांनी विचारलं.

"होते. जांभळे."

"एका बाजूलाच?"

"नाही सर. सगळीकडून. आतल्या बाजूला दाट, वर विरळ."

"आणि आत केस?"

"होते. खाली वळलेले. एक माशी अडकली होती."

सरांचा हात पांघरुणाबाहेर आला. बोटानं त्यांनी हवेत एक नळी काढली, तिला किंचित बाक दिला, वर पाच रेषा ओढल्या आणि त्या टोकाला जुळवल्या. मग बोट तसंच वर ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"बाक थोडा जास्त होता, सर," मी म्हणाले.

त्यांनी तो पुसला, आणि पुन्हा काढला.