रेवतीच्या पार्टीत

टाकाची कडी तुटली, एवढंच निमित्त. "संगप्पा सोनाराकडून जोडून आणा," असं शिवगंगानं सांगितलं आणि मी गेलो. तुम्ही म्हणाल, भागवतराव, तुमच्या गोष्टीत अर्धा मसालाच असतो. असतो. पण यात घालायची गरजच पडली नाही.

शिवगंगा माझी दुसरी. पहिली, सिंधू, किल्लारीच्या भूकंपात गेली. मी कामानं कंधारला होतो म्हणून उरलो. आपल्याकडं दुसरीनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे गेलेली बाई संसारात पाय घालत नाही. शिवगंगानं वीस वर्षं तो उतरवला नव्हता.

संगप्पाच्या कारागिरानं तो मोडीची चांदी समजून आटवला! संगप्पानं हात जोडले, तसाच दुसरा ठोकून दिला. मी घरी येऊन म्हणालो, "घे, बसवली कडी." थापा मारायची सवयच मला. हीही खपली असं वाटलं.

आता त्या मालिकेचं. आमच्या माडीवर मेडिकलच्या क्लासच्या पाच पोरी राहतात, जेवायला आमच्याकडंच. साडेसातला सगळ्या ताटं घेऊन टीव्हीपुढं. मालिकेत एक साहेब, त्याची मेलेली बायको रेवती आणि जिवंत बायको काव्या. हा गडी तीन महिने हिच्यावर मरतो, तीन महिने तिच्यावर. भूत झालेल्या बायकोला घेऊन महाबळेश्वरलासुद्धा जाऊन आला! आणि त्यावरून माझ्या घरात दोन पार्ट्या. रेवतीच्या पार्टीची पुढारी मनस्विनी, काव्याच्या पार्टीची शिवगंगा.

"काकू, ग्रुपवर सगळे म्हणून राहिलेत, शेवटी रेवतीच."

"मेलेलीचं काय घेऊन बसलीस? त्याची धुणीभांडी कोण करतंय?"

"पण पहिलं प्रेम, काकू!"

"अगं, परीक्षा दोन महिन्यांवर आलीय तुमची!" मी ओरडायचो. कुणाला सांगता?

टाक बदलल्यापासून मात्र शिवगंगा पुढचं सांगायला लागली. "उद्या तो काव्याचं ताट सारतोय." दुसऱ्या दिवशी सारलं. "रेवती म्हणती, उंबरा आधी मी ओलांडलाय." अक्षरन् अक्षर तसंच. पोरींना वाटलं, काकूंची मुंबईत कुणाशी तरी ओळख आहे.

"कोण सांगतं तुम्हाला?" मनस्विनीनं विचारलं.

"आक्का. ह्यांच्या पहिल्या. दुपारच्याला येतात सैपाकघरात. त्या रेवतीच्या पार्टीत हायत."

पोरी खिदळल्या. मी ताटावरून उठलो.

पोरी वर गेल्यावर मी म्हणालो, "उगं पोरींना भिववू नको."

"मी कशाला भिववू? टाक आटवला ते तुमी लपवलं, आक्कांनी सांगितलं." आवाज खाली आला. "त्या विचारायला लागल्यात... तुमी कुणाच्या पार्टीत?"

"मी कुणाच्याच पार्टीत नाही!"

"तसं चालत न्हाई म्हणतात. मालिका संपायच्या आत एकीचं नाव घ्यावं लागतंय."

"आणि घेतलं की?"

"दुसरीनं जायचं."

झालं. आठ दिवस तेच टुमणं. आंघोळीला पाणी काढताना, चहा ओतताना... कुणाच्या? सांगा की, कुणाच्या? साला, ज्या मालिकेचा मी एक भाग धड पाहिला नाही, तिनं माझं डोकं खाल्लं.

गुरुवारी भाग चालू असतानाच लाईट गेली. पोरी कुरकुरत माडीवर गेल्या. मी पाटावर तसाच. अंधार डोळ्यांना सरावेना. पंख्याची घरघर थांबली, मग हळूहळू तो वास आला. किल्लारीतल्या पडक्या धाब्याच्या घरांच्या मातीचा, कोरडा, नाकात बसणारा. पाठीमागं काकणं वाजली.

"सांगा की... कुणाच्या?"

"तुझ्याच गं बाई!" मी खेकसलो. "तुझ्याच! लिहून देऊ का? सोड आता एकदाचं!"

कुणीतरी समाधानानं श्वास सोडला. अगदी मानेजवळ.

लाईट आली. खोलीत मी एकटा. आणि पुढच्या दारातून शिवगंगा आत आली, हातात दह्याची वाटी.

"कुठं होतीस?"

"शेजारी. इरजण मागायला." तिनं माझ्याकडं पाहिलं, मग सैपाकघराकडं. वाटी खाली ठेवली. "दिलात शब्द?"

"अगं, मी तुलाच..."

"मी हितं कुठं होते?"

सकाळी तिनं पिशवी भरली. रेणापूरला, भावाकडं. मी हातापाया पडलो, ओरडलो, एका टीव्हीच्या खुळापायी संसार मोडतीस का म्हणालो. शेवटी तर म्हणालो, "अगं, पोरींना भाकरी कोण करून घालणार?"

"हायत की आक्का," ती म्हणाली, आणि चपला घातल्या.

तिला गाडीत बसवून परत आलो तर पोरी जेवत होत्या. "काका, काकूंची भाकरी आज किती पातळ!" मनस्विनी म्हणाली. "तुमचं ताट वाढून ठेवलंय आत."

आत कुणी नव्हतं. तवा गरम होता. ताटाशेजारी, जमिनीवर, भाकरीचा एक घास काढून ठेवलेला... नुकत्याच गेलेल्या माणसाच्या नावानं ठेवतात तसा.

आणि शिवगंगाची गाडी अजून रेणापूरला पोचायची होती.