बडोद्याला जायचं कारण

"बडोद्याला? आणि ते कशाला?" यतीनने सुट्टीच्या अर्जावरून पेन उचललं आणि हेमलताकडे पाहिलं.

सौदीत, अल-खोबरला येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. दर उन्हाळ्यात कंपनीचं तिकीट मुंबईचं, तिथून सांगलीला सासरी, सासूबाईंची पथ्यं, नणंदेची बाळंतपणं... की आलीच परतीची तारीख! मुंबईहून माहेरचं बडोदं ते केवढं, एका रात्रीवर. पण तेवढी रात्र तिच्या वाट्याला कधी आली नाही.

"अहो, युनिव्हर्सिटीचा घुमट एकदा डोळे भरून बघायचाय," ती चाचरत म्हणाली. "सुरसागरच्या काठावर बसायचंय... जुन्या वाचनालयात जायचंय..."

"घुमट बघायला जाण्या-येण्याचा एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा काढू? आणि तुझे अण्णा तर तुझ्याशी बोलतही नाहीत!"

खरं कारण अण्णाच होते! इतिहासाचे प्राध्यापक दीनानाथ. आईवेगळ्या लेकीला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं, मोडी वाचायला शिकवलं, आणि तीच लेक हातातोंडाशी आलेली पीएच.डी. टाकून नवऱ्याकडे निघून आली. "कंटाळा आला," एवढंच तिनं सांगितलं, वडलांना आणि नवऱ्यालाही. तेव्हापासून अण्णांनी तिचं नाव टाकलं होतं.

"थांब, मीच विचारतो त्यांना." यतीनला काय सुचलं कोण जाणे, त्यानं स्पीकरवर फोन लावला. "अण्णा, यतीन बोलतोय. हेमाला तिकडे यायचंय..."

"आता कशाला?" म्हाताऱ्याचा आवाज कापत होता. "नऊ जूनला तोंडी परीक्षा, आणि सहालाच बाई विमानात! म्हणे कंटाळा आला!"

यतीनचा चेहरा खर्रकन उतरला.

"अण्णा... सहा जूनला तिच्या व्हिसाची मुदत संपत होती. मीच हट्ट धरला, लगेच नीघ म्हणून. परीक्षेचं मला ती एका शब्दानं बोलली नाही हो!"

अकरा वर्षं एक तारीख सासऱ्याजवळ होती आणि एक जावयाजवळ! पण दोघेही मानी, आधी फोन करायचा कुणी?

"हेमा..." पलीकडून हाक आली. अकरा वर्षांनी! "मी जावयाला बोल लावीन, म्हणून सगळं स्वतःवर घेतलंस?"

"तुमचं दोघांचं वाकडं यायला नको होतं, अण्णा..." आणि तिचा बांध फुटला.

यतीन मान खाली घालून उभा होता. त्याला तिच्याकडे बघवेना.

"माझंच चुकलं, पोरी. तुझा प्रबंध आहे माझ्यापाशी. रागारागानं उघडला, मग रोज दोन-दोन पानं वाचायला लागलो. दोनशे बाराव्या पानावर आलो आणि डोळ्यांनी दगा दिला. आता काहीच दिसत नाही... पुढं काय लिहिलंयस गं?"

"येतेय मी, अण्णा! सगळा वाचून दाखवते."

"ये, ये. पण थोडं आत्ताच सांग ना..."

आणि हेमलता डोळे पुसत, अडखळत, दोनशे तेराव्या पानापासून सांगू लागली...