दहा पस्तीसचा गट

किल्ल्याच्या पायथ्याशी जन्म काढलेली माणसं किल्ला बघायला जात नाहीत. तो राजाने बांधायचा, जपान्यांनी बघायचा आणि त्यांच्या बसगाड्या गावाने सोसायच्या, अशी बव्हेरियातल्या त्या गावाची वाटणी होती. वाल्बुर्गा आइग्नर तर वाटाड्याची बायको. तिचा नवरा कोर्बिनियान बत्तीस वर्षं लोकांना किल्ला दाखवत होता. दर रविवारी म्हणायचा, "एकदा वर ये की गं."

"तुझ्या राजाला सांग, बटाटे सोलून झाले की येते."

मार्चमध्ये तो गेला. ऑक्टोबरात तिने रांगेत उभं राहून तिकीट काढलं. आपण आलो हे त्याला कळावं, एवढंच तिला हवं होतं. कसं कळणार, हे तिने पाद्रीबाबांनाही विचारलं नव्हतं. उत्तर लांबलं असतं.

दहा पस्तीसच्या गटाची वाटाडी रेगीना, सव्वीस वर्षांची, कोर्बिनियानच्याच हाताखाली तयार झालेली.

"फ्राउ आइग्नर! संपले एकदाचे बटाटे?"

म्हणजे हा वर येऊन सगळं सांगत होता तर.

"शेवटच्याने दार ओढून घ्यायचं हं," रेगीनाने गटाला बजावलं. दार लागल्याशिवाय मागच्या गटाला पुढे येता येत नसे. गुडघ्यांच्या कृपेने शेवटची वाल्बुर्गाच.

पहिल्या दालनात ती वळली, तर दार लागलेलं. वारा असेल.

दुसऱ्या दालनात शहाजिऱ्याचा वास आला. घसा मोकळा राहावा म्हणून कोर्बिनियान दिवसभर शहाजिरं चघळायचा. पर्यटकांपैकी कुणीतरी खात असेल.

तिसऱ्या दालनात तिने दार मुद्दाम उघडं ठेवलं आणि बघत उभी राहिली. दार सावकाश सरकलं. कडी न वाजता बसली.

जिन्यावर कुणीतरी तिचं कोपर धरलं. तिने वळून पाहिलं नाही. चर्चच्या बर्फाळ पायऱ्यांवर हाच हात चाळीस हिवाळे होता.

सिंहासनाच्या दालनात सिंहासनच नव्हतं.

"कुठंय?" एकाने विचारलं.

"यायचं राहून गेलं," रेगीना म्हणाली.

"माझंही राहिलं होतं, कोर्बी," वाल्बुर्गा पुटपुटली. "आले बघ."

कोपरावरचा हात हळूच दाबला गेला.

शेवटच्या जिन्यापाशी रेगीना थांबली. "इथून खाली तुमचे तुम्ही जा. वाटाड्याने इथून परत फिरायचं असतं."

"घरी चल," वाल्बुर्गा म्हणाली. "चल ना रे."

एकेक बोट करत हात सुटला.

तीन पायऱ्या उतरून तिने पहिल्यांदा मागे पाहिलं. पुढचा गट खोळंबला होता, तरी रेगीना वरच्या जिन्याच्या दर पायरीवर थांबत चढत होती. तिने कोपर जरा बाहेर काढलं होतं.

"सावकाश या," ती शेजारी बघून म्हणाली. "आज अजून सहा गट आहेत."