चौथा श्वास

माझं काम जुन्या रेकॉर्ड धुण्याचं आणि त्यातलं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून देण्याचं. धुणं म्हणजे खरोखरचं धुणं: कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि वाळवायला लाकडी मांडणी. घरातलं एक ताट कधी इतक्या मायेनं घासलं नाहीस, असं बायको येताजाता ऐकवते. दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर काउंटर आणि खिडकी. आत टर्नटेबल, एक चांगला माइक आणि भिंतींना जाड पडदे.

गेल्या वीस वर्षांत माझ्याकडे सगळ्यात जास्त काय आलं असेल, तर वाद्यांशिवाय नुसते तीन-चार आवाज एकमेकांवर बसवून गाणाऱ्या मंडळींच्या रेकॉर्ड. ते गट कधीच मोडले, माणसंही गेली, तरी विशीतली मुलं अजून त्या रेकॉर्ड शोधत माझा जिना चढतात. असं काय आहे त्यात, म्हणून लोक विचारतात आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. एकट्या गायकाला आपण समोर बसून ऐकतो. चौघं गायला लागले की आपण नकळत त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहतो आणि आपल्या वाटणीची ओळ शोधायला लागतो. हे उत्तर मला स्वतःला फार आवडायचं. आता मी ते देत नाही.

त्यातल्या एका रेकॉर्डला मी 'जिन्यातली' म्हणायचो. कव्हरवर जिन्याच्या पायऱ्यांवर उभे असलेले दोन पुरुष आणि एक बाई, आणि बाईच्या शेजारी बरीच मोकळी जागा. फोटो काढणारा अगदीच नवशिका असावा, असं मला वाटे. दोन्ही बाजूंना तीन-तीन, अशी सहा गाणी. पन्नास वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीनं काढली होती. ती कंपनीही नंतर गुंडाळली गेली. निरनिराळ्या लोकांकडून तिच्या नऊ प्रती माझ्याकडे आल्या, दहावी माझी स्वतःची.

गंमत अशी, की ती लावली की ऐकणारा गुणगुणायला लागायचा. टपाल द्यायला आलेला पोस्टमन, एक खडूस वकील, आणि माझी बायको, जिचा आणि सुराचा छत्तीसचा आकडा आहे. तिघंही एकच ओळ गुणगुणले, अगदी बरोबर. ती ओळ रेकॉर्डवर नव्हती.

मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. तीन सूर कानावर पडले की चौथा आपोआप सुचतो. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते, तसा कान तिथे जाणार.

मग श्वासांचं लक्षात आलं. रेकॉर्ड साफ करताना मी हेडफोन लावून गाण्याआधीची शांतता आधी ऐकतो, कारण खरखर तिथे पकडता येते. या रेकॉर्डवर प्रत्येक गाण्याआधी कुणीतरी बुटानं दोनदा ताल द्यायचं, टक-टक, मग सगळे एकदम श्वास घ्यायचे, दीड सेकंद थांबायचे आणि गाणं सुरू. श्वास मोजायची मला खोड आहे. आवाज तीन होते, श्वास चार. दहाही प्रतींवर, सहाही गाण्यांआधी. रेकॉर्डिंग करणारा माइकजवळ उभा असेल आणि त्याला दमा असेल, असं मी वहीत लिहून ठेवलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्या सोमवारी सकाळी एक म्हाताऱ्या बाई लेकीचा हात धरून जिना चढून आल्या. पिशवीत 'जिन्यातली'ची अकरावी प्रत होती. बाईंचा आवाज लाकडी दार फरशीला घासावं तसा येत होता, त्यामुळे बरंचसं लेकीनंच सांगितलं.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. त्या, त्यांचा दादा आणि त्याच खात्यातले आणखी दोघं जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात गायचे, कारण जिन्यात आवाज छान घुमायचा. दादा बुटानं ताल द्यायचा. कुणी तयार नसलं तर तो पुन्हा दोनदा वाजवायचा, आणि तरीही नसलं तर पुन्हा. चौघांनी श्वास घेतल्याशिवाय सुरुवात करायची नाही हा त्याचा हट्ट, मग सुट्टी संपून घंटा झाली तरी चालेल. रेकॉर्डिंगच्या दिवशी या कावीळ होऊन दवाखान्यात पडल्या होत्या. कंपनी थांबायला तयार नव्हती. दादानं गाणी तिघांसाठी नव्यानं बसवायला चक्क नकार दिला. बहिणीची ओळ रिकामी ठेवून, तिची माइकसमोरची जागाही मोकळी ठेवून, तिघं गायले.

"मग त्या दिवशी खोलीत तिघंच होते?" मी विचारलं.

"तिघंच. रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडे," बाई म्हणाल्या. मग घोटभर पाणी पिऊन माझ्याकडे नीट बघत बोलल्या, "ते तिघंही गेले आता. मी उरलेय. आणि गुरुवारी माझा आवाज काढणार आहेत."

घशात गाठ होती. ऑपरेशननंतर जीव वाचणार होता, आवाज नाही. त्याआधी त्यांना ती सहा गाणी एकदा, फक्त एकदा, त्या तिघांबरोबर गायची होती. लेकीला हे पसंत नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं, पण तिनं मान हलवली. चौथ्या श्वासाचं मी काही बोललो नाही. त्या बाईंना काय सांगणार होतो मी?

मंगळवारी दुपारी तीनला त्या आल्या. मी त्यांना हेडफोन दिला, म्हणजे रेकॉर्ड फक्त त्यांना ऐकू येईल आणि माइकवर नुसता त्यांचा आवाज वेगळा मिळेल. दोन्ही मागाहून जोडायचं, असं ठरलं. मी दुसरा हेडफोन लावला. लेक कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली.

टक-टक. श्वास. आणि बाई गायल्या.

तो दार घासल्यासारखा आवाज नव्हताच. बारीक होता, कडेला थोडा विरलेला, पण सुरावर अचूक बसलेला. आणि त्यांची ओळ मी लगेच ओळखली. पोस्टमन गुणगुणायचा, वकील गुणगुणायचा, माझी बेसूर बायको गुणगुणायची, तीच ती ओळ होती.

पहिली बाजू झाली. मी रेकॉर्ड उलटली. चौथं गाणं झालं, पाचवं झालं. लेक डोळे पुसत होती. मी इतका सुखात होतो की खरं सांगतो, मला ते काम वाटतच नव्हतं.

पाचव्या आणि सहाव्या गाण्याच्या मधे सुईला धाग्याचा गुंता अडकला. बारीक खरखर आली. वीस वर्षांची सवय. माझा हात डोक्याला न विचारता पुढे गेला.

टक-टक झालं होतं. श्वास झाला होता. बाईंनी तोंड उघडलं होतं.

मी सुई उचलली.

बाई तशाच उघड्या तोंडानं माझ्याकडे बघत राहिल्या. मग खोकला आला, आणि तो थांबेचना. लेकीनं रुमाल धरला, पाणी पाजलं, पाठ चोळली. पंधरा मिनिटांनी खोकला थांबला तेव्हा आवाज उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. बाईंनी जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं, म्हणजे मी वाईट वाटून घेऊ नये म्हणून. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं. एक धागा होता तो, राहिला असता तर काय बिघडलं असतं?

बुधवारी मी त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. पाचही गाणी स्वच्छ आली होती, जरा जास्तच स्वच्छ. मी हेडफोन बदलून पुन्हा ऐकलं, मग आवाजाची रेघ पडद्यावर मोठी करून पाहिली.

त्यात कुठेही श्वास नव्हता. गाण्याआधी नाही, दोन ओळींच्या मधेही नाही. एकेक गाणं तीन मिनिटांच्या वरचं. माइक बिघडला असेल म्हणून मी स्वतः त्यासमोर चार ओळी म्हणून पाहिल्या. माझा श्वास भात्यासारखा ऐकू आला.

मग मी माझी स्वतःची प्रत लावली. पहिल्या गाण्याआधी श्वास तीन. दुसऱ्याआधी तीन. पाचव्यापर्यंत तीन-तीनच. बाईंची प्रत लावली. तेच.

सहाव्या गाण्याआधी मात्र चार.

ऑपरेशन नीट झालं. पुढच्या आठवड्यात लेक रेकॉर्डिंग न्यायला आली. आईनं पाटीवर लिहून निरोप दिला होता: शेवटचं राहिलं. बाकी तब्येत चांगली होती. श्वास आता गळ्याच्या छिद्रातून चालतो, तोंडातून हवा जात नाही, असं तिनं समजावून सांगितलं. तरी दुपारी कधी कधी आई तोंड उघडून तशीच थांबते. डॉक्टर म्हणतात, सवय आहे, जाईल.

"किती वाजता?" मी विचारलं.

"तीनच्या सुमाराला," ती म्हणाली. "का?"

"सहजच," मी म्हणालो. आईची रेकॉर्ड ती नेऊ का म्हणाली, तेव्हा अजून धुवायची आहे असं खोटंच सांगितलं.

सहाव्या गाण्याआधी, श्वासानंतर, दीड सेकंद शांतता आहे. माझ्या वहीत दहाही प्रतींपुढे तसंच लिहिलंय. त्या संध्याकाळी बाईंच्या प्रतीवर मी मोजली तेव्हा चार सेकंद भरली. मी टर्नटेबलचा वेग तपासला, बरोबर होता. भिंग लावून खाचा पाहिल्या. त्या होत्या तशाच होत्या. चार दिवसांनी शांतता अकरा सेकंदांची झाली.

माझ्यावर माझाच विश्वास उरला नाही, म्हणून बायकोला बोलावलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजायला सांगितलं. ती चोवीसपर्यंत मोजत गेली, तेव्हा कुठे गाणं सुरू झालं. ती या खेपेला गुणगुणली नाही.

"कुणासाठी थांबलेत हे?" तिनं विचारलं.

काल दुपारी तीनला मी बाईंची प्रत लावली. पाचवं गाणं संपलं. टक-टक. चार श्वास.

मग काहीच नाही.

सुई पुढे सरकत राहिली. मी हात मांडीखाली दाबून बसलो. या वेळी उचलणार नव्हतो.

गाण्याची सगळी जागा शांततेत गेली. सुई मधल्या कागदापाशी पोहोचली आणि तिथल्या रिकाम्या खाचेत गोल गोल फिरू लागली. तिथे कुठल्याच रेकॉर्डवर काही नसतं.

बराच वेळ ती तशीच फिरत होती.

मग बुटाचा आवाज आला. दोनदा.

थोडं थांबून, पुन्हा दोनदा.